भुसावळचं ऊन आणि सापाची पेटी

मघाशी चहाला थांबलो तेव्हा यावलकडच्या एका सर्पमित्राने मला विचारलं, "पेटी धुवायची कशाला भो? मे महिन्यात गच्चीवर टाकून द्यायची. आपल्या उन्हात वाचतं कोण?" मला हसू आलं, कारण पहिली काही वर्षं मीही हेच करत होतो. पारा पंचेचाळिशीला टेकला की आपण माणसंसुद्धा अर्धमेली होतो, तिथे जंतूंची काय कथा?

पण पकडलेला साप सोडेपर्यंत ज्यात ठेवतो ती काचेची टाकी उन्हात ठेवली की होतं काय? उन्हातले जंतूंना मारणारे अतिनील किरण साध्या काचेतून जवळजवळ आत येतच नाहीत. आत नुसती गरमी. कोपऱ्यात वाळलेली विष्ठा, त्यावर कातीचा पापुद्रा, त्याखालचे जंतू मजेत. सापाच्या अंगावरचे खसखशीएवढे काळे माइट, म्हणजे गोचिडीसारखे किडे, तर अंडी घालायला साप सोडून फटीतच जातात. साप सोडून आलो म्हणजे माइट गेले असं नाही. नवा साप ठेवला की फटीतली पिल्लं त्याच्यावर चढतात.

म्हणून आधी घासणं, मग औषध. कागद, पालापाचोळा, लाकडाचा तुकडा सगळं फेका. लाकूड आतपर्यंत ओल पितं, ते वाचवायच्या नादी लागू नका. साबणाच्या गरम पाण्याने टाकी घासा. कोपऱ्यातला सिलिकॉनचा जोड आणि जाळीची कड जुन्या टूथब्रशने घासा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने काचेवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि घाण त्याच्या आड दडते. तो व्हिनेगरने निघतो, पण व्हिनेगर पूर्ण धुऊन टाकल्याशिवाय ब्लीच हातात घेऊ नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. संडास साफ करायच्या अॅसिडचंही तेच.

घाण तशीच ठेवून ब्लीच ओतलं तर क्लोरीन घाणीशीच लढून संपतो, जंतूंपर्यंत पोचत नाही.

घरगुती ब्लीच साधारण 5 टक्क्यांचं असेल तर एक वाटी ब्लीचला नऊ वाट्या पाणी. खेड्यावर ते मिळालं नाही तर ग्रामपंचायतीत विहिरीसाठी टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर असते. ताज्या टीसीएलमध्ये 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, म्हणजे लिटरला 15 ग्रॅम पुरे. गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी घ्या. हे पाणी 10 मिनिटं टाकीच्या अंगावर ओलं राहिलं पाहिजे.

आणि इथे आपलं ऊन आडवं येतं. मे महिन्यात भर दुपारी फडका मारला तर दोन मिनिटांत काच कोरडी! दहा मिनिटं झाली असं घड्याळ सांगतं, पण औषधाला वेळच मिळालेला नसतो. म्हणून हे काम सकाळी सावलीत करायचं, आणि अंग सुकतंय असं दिसलं की पुन्हा ओलं करायचं. शिवाय ब्लीचची बाटली पत्र्याच्या खोलीत पडून राहिली की उष्णतेने त्यातला क्लोरीन उडत जातो. गेल्या उन्हाळ्यातली बाटली यंदा वापरणं म्हणजे मिठाच्या पाण्याने टाकी पुसणं. टीसीएलची उघडी पिशवीही तशीच. द्रावण रोज ताजं करा.

फिनाईलचं मात्र नाव काढू नका. माझीच गोष्ट सांगतो. एका पावसाळ्यात घाईत फिनाईलने पेटी पुसली आणि संध्याकाळी त्यात धामण ठेवली. सकाळी ती तोंड वासून श्वास घेत होती, दुपारपर्यंत गेली. फिनॉलच्या जातीची औषधं सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी असतात. जखम धुण्याचं घरातलं अँटिसेप्टिकही बहुधा त्याच कुळातलं. डांबरगोळ्याही नकोत.

ब्लीचला न जुमानणाराही एक जंतू आहे, क्रिप्टोस्पोरिडियम. साप सारखं खाल्लेलं ओकतोय, पोटाच्या मधोमध फुगलाय, असं दिसलं तर ती प्लास्टिकची पेटी मी सरळ फेकतो. पाण्याचं भांडं स्टीलचं असेल तर उकळून घ्या. काचेच्या टाकीत मात्र उकळतं पाणी ओतू नका, ती तडकते.

हे सगळं स्वयंपाकघराच्या मोरीत करू नका. साल्मोनेला हा जंतू सापाच्या, कासवाच्या आतड्यात सुखाने नांदतो. त्यांना काही होत नाही, घरातल्या लेकराला मात्र जुलाब आणि ताप. अमेरिकेने 1975 साली चार इंचांखालची कासवं पाळायला विकण्यावर बंदी घातली ती याच जंतूमुळे. पोरं ती थेट तोंडात घालत.

आणि वन्यजीव कायद्याप्रमाणे पेटी हा सापाचा मुक्काम, घर नव्हे. वनखात्याला कळवा आणि लवकर सोडा. पेटी जितकी कमी भरेल तितकं धुणं कमी.

"टाकी धुऊन झाली हे कळायचं कसं?" मागून प्रश्न आला. चार-पाच वेळा साध्या पाण्याने धुवा, आणि आता न्या गच्चीवर, तोंड उघडं ठेवून. आपलं ऊन इथे कामाचं. दुसऱ्या दिवशी झाकण लावून तासभर उन्हात ठेवा, मग झाकण जरा उचलून वास घ्या. ब्लीचचा वास आला तर परत धुवा आणि आणखी एक दिवस वाट बघा. तोवर साप कापडी पिशवीत, खोलीतल्या गारव्याला.