अलाइनमेंट सगळ्यात शेवटी

(साताऱ्यात वाहनचालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी. स्टेअरिंग ढिलं झालं किंवा गाडी एका बाजूला ओढायला लागली, की आपण थेट अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन मापून लावणारं दुकान गाठतो. पैसे देतो, कागद घेतो आणि यवतेश्वर घाटाच्या पहिल्याच वळणाला कळतं की गाडी होती तशीच आहे. माझं कळकळीचं सांगणं एकच: आधी काय झिजलंय ते शोधा, अलाइनमेंट सगळ्यात शेवटी करा. सांधे ढिले असताना लावलेलं माप गाडी मशीनवरून उतरली की टिकत नाही.

या तक्रारी मुळात दोन आहेत. प्ले म्हणजे स्टेअरिंग फिरतं, पण चाक जागचं हलत नाही. ओढणं म्हणजे पकड सैल केली की गाडी आपली लाइन सोडते. दोन्हींची कारणं निराळी, म्हणून तपासणीही निराळी.

प्ले बघताना चाकं जमिनीवरच राहू द्या. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू. एकाने स्टेअरिंग इंच-दोन इंच डावी-उजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्याने चाकामागच्या टाय रॉड एंडवर, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा चाकाला जिथे जोडतो त्या सांध्यावर, हात ठेवायचा. सांधा चांगला असेल तर रॉड आणि नकल (चाक धरून वळवणारा लोखंडी भाग) एकदमच हलतात. गेला असेल तर रॉड आधी हलतो, नकल मागून येतो. मधली ती बारीक 'कट्' डोळ्याला दिसायच्या आधी बोटांना कळते. तिथून मागे मागे जा: रॅक (स्टेअरिंगबरोबर डावी-उजवीकडे सरकणारा दातेरी दांडा) याचा एंड, त्याचा बुश म्हणजे आतलं अस्तर, मग कॉलमखालचा, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याखालचा जॉइंट. जुन्या जीपला आणि ट्रकला रॅकऐवजी गिअर बॉक्स असतो. त्यावरचा स्क्रू आवळून प्ले घालवायची घाई नको. तो जास्त आवळला तर वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही, आणि घाटात ते प्लेपेक्षा घातक.

सांध्यावरच्या रबरी टोपीकडे फार कमी जण बघतात. ती फाटली की पावसाळ्यात चिखल-पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि सांधा खायला लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 98 ने या टोप्या सक्तीच्या केल्या आहेत. स्टेअरिंगचा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त नसावा, हेही त्याच नियमात आहे. पण 30 अंश म्हणजे घड्याळातल्या बारापासून एकपर्यंतचं अंतर. तेवढा प्ले होईपर्यंत थांबू नका.

मग गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. चाक वर आणि खाली धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग. तरीही हलतंय, तर बॉल जॉइंट, म्हणजे नकल सस्पेन्शनला जोडणारा गोळीचा सांधा. एवढ्या साध्या युक्तीने चुकीचा पार्ट विकत घेणं टळतं.

आता ओढण्याचं. टायर थंड असताना दोन्ही बाजूंची हवा सारखी करा. कमी हवेच्या बाजूला गाडी जाते. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला मधून कडेला उतार असतो आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे जराशी डावी ओढ स्वाभाविक आहे. उतारावर चढून उजवीकडे ओढत असेल, तर दोष नक्की समजा.

एका वडाप (प्रवासी वाहून नेणाऱ्या) जीपचं अलाइनमेंट बाहेर पुन्हा पुन्हा करून झालं होतं, तरी ओढ जाईना. पुढचे दोन टायर आपसात बदलले, तर ओढ बाजू बदलून दुसरीकडे गेली. दोष टायरच्या आतल्या बांधणीत होता. तो अलाइनमेंटच्या मशीनवर दिसला नसता. मात्र टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल करू नका.

पुढे ब्रेक. पसरणी घाट उतरून आल्यावर सगळेच ब्रेक तापलेले असतात, तेव्हा काही कळत नाही. सपाट रस्त्यावर, शक्यतो ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवा आणि रिमजवळ हात नेऊन बघा. डिस्कला हात लावू नका. एकच चाक गरम लागलं तर त्याचा कॅलिपर (डिस्कला दाबून धरणारा भाग) जाम आहे किंवा होज, म्हणजे ब्रेक ऑइलची रबरी नळी, आतून फुगलाय. गाडी त्याच बाजूला ओढणार. फक्त ब्रेक मारल्यावर ओढत असेल, तर बहुतेकदा उलट हिशोब: ज्या बाजूला ओढते, तिच्या विरुद्ध बाजूचा ब्रेक कमी धरतोय.

हे सगळं निघालं की मशीनवर जा. टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकांची टोकं आत-बाहेर वळलेली असणं, बिघडला तर टायर खातो. ओढ मात्र सहसा त्याने येत नाही. ओढ येते ती कॅम्बर (समोरून बघितलं तर चाकाचं आत-बाहेर झुकणं) आणि कास्टर (बाजूने बघितलं तर चाक ज्यावर वळतं त्या अक्षाचं पुढे-मागे झुकणं) डाव्या-उजव्या बाजूला वेगळे झाले की. म्हणून कागदावर आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे मागा आणि कास्टरमधला फरक बघा. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे फक्त टो लावता येतो. कास्टर हललेला असेल तर खड्ड्यात आपटून लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा सस्पेन्शनचा दांडा) वाकलाय किंवा त्याचा बुश फाटलाय. तो पार्ट बदला आणि नंतरच टो लावून घ्या.