२०६ हाडं, पण कुणाच्या हिशोबाने?

नमस्कार. या, बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. माझ्या हातात हे जे आहे ते मांडीचं हाड, फीमर, शरीरातलं सगळ्यात लांब हाड, तुमच्या उंचीच्या साधारण पाव भाग. खरं आहे, प्लास्टिकचं नाही. पुढच्या रांगेत फिरवा, हातात घेऊन बघा, वाटतं त्यापेक्षा हलकं लागेल. पूर्वी जगभरातल्या मेडिकल कॉलेजांना असे सांगाडे कलकत्त्याहून जायचे, मोठा धंदा होता तो, १९८५ मध्ये सरकारने निर्यातीवर बंदी आणली. आता देहदानातून वगैरे येतात, आणि फर्स्ट इयरची पोरं अजूनही सीनियरकडून सेकंडहँड बोन सेट घेतात, त्यावर आधीच्या कुणीतरी स्केच पेनने स्नायूंच्या खुणा करून ठेवलेल्या असतात.

तर, शाळेत आपण घोकलेलं असतं की माणसाला २०६ हाडं. आज मी या आकड्याच्याच मागे लागणार आहे, कारण तो आला कुठून हे बघायला गेलं की हाड म्हणजे काय प्रकरण आहे ते आपसूक कळतं.

चरकसंहितेत हाडं आहेत ३६०. सुश्रुत म्हणतो ३००, आणि तोच सांगतो की वेदवादी लोक ३६० म्हणतात पण शल्यतंत्रात, म्हणजे शस्त्रक्रियेच्या शास्त्रात, ३००च. आता यावर आपल्याकडे दोनच प्रकारचे लोक भेटतात, एक म्हणणार ऋषींना सगळं ठाऊक होतं, दुसरे म्हणणार त्यांना धड मोजता येत नव्हतं. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. अहो, सुश्रुताने दात हाडांत धरलेत, कूर्चा, म्हणजे नाकाच्या शेंड्यात असतो तो लवचीक भाग, तीही धरलीय, तिला तो तरुण अस्थी म्हणतो, आणि चरकाने तर नखंसुद्धा मोजलीत. हिशोबाचे नियमच वेगळे. आणि सुश्रुताची पद्धत वाचा एकदा, शारीरस्थानात आहे: प्रेत पूर्ण अवयवांचं हवं, विषाने किंवा दीर्घ आजाराने गेलेल्याचं नको, शंभरीच्या म्हाताऱ्याचं नको, ते गवताने गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या नदीत आडबाजूला ठेवायचं, सात रात्रींनी काढायचं आणि वाळ्याच्या, वेळूच्या कुंच्याने हळूहळू खरवडत एकेक थर डोळ्यांनी बघायचा. हे लिहिणारा माणूस घरबसल्या आकडे ठोकत नव्हता.

बरं, आजचा २०६ तरी कुणाचा? मोठ्या माणसाचा. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला पावणेतीनशे ते तीनशेच्या आसपास हाडं असतात, कुठपर्यंत वेगळं धरायचं त्यावर आकडा थोडा मागेपुढे होतो. मग ती जातात कुठे, तर कुठेच जात नाहीत, एकमेकांना चिकटतात. आजीबाई बाळाची टाळू भरतात ना तेल घालून, तिथे हाताला मऊ लागतं, धडधड जाणवते, कारण तिथे कवटीची हाडं अजून भेटलेलीच नाहीत, मध्ये नुसता पडदा आहे. साधारण दीड वर्षाच्या सुमाराला ती जागा बंद होते. बाळंतपणात डोकं बाहेर यायचं तर हाडांना एकमेकांवर थोडं सरकायला वाव लागतो, शिवाय नंतर मेंदू भराभर वाढतो, म्हणून ही सोय. बाळाच्या गुडघ्याची वाटीसुद्धा आधी कूर्चाच असते, तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून तिच्यात हाड धरायला लागतं. खुब्याकडचं मोठं हाड तीन तुकड्यांचं एक होतं. कमरेखालचे पाच मणके जुळून त्रिकास्थी होते, आणि त्याच्याखाली माकडहाड, ज्याची आठवण आपल्याला जिन्यावरून बसकण मारली की येते.

सगळ्यात उशीर करतं ते गळ्याजवळचं हाड, कॉलर बोन. गंमत बघा, आईच्या पोटात सगळ्यात आधी हाड धरायला सुरुवात होते ती इथे, आणि छातीकडचं टोक पूर्ण जुळून येतं ते पंचविशीच्या आसपास, म्हणजे पोरगा नोकरीला लागला तरी त्याचा सांगाडा अजून पुरा झालेला नसतो. कोर्टात वयाचा दाखला नसला की हाडांची तपासणी सांगतात ती याच जोरावर, मनगट, कोपर, खुबा यांचे एक्स-रे काढून कुठली टोकं जुळलीत ते बघायचं. पण त्यातून वयाचा अंदाज मिळतो, जन्मतारीख नाही, हे विसरू नका.

बाकी मोजणी पटकन सांगतो. कवटी, कणा, बरगड्या असा मधला भाग ८०, हातपाय आणि त्यांचे खांदे-खुबे मिळून १२६. एका हाताच्या पंजात २७, एका पावलात २६, म्हणजे चार ठिकाणी मिळून १०६, अर्ध्याहून जास्त हाडं तिथेच संपली. मानेचे मणके सात, जिराफालाही सातच. कानातलं सगळ्यात छोटं हाड जेमतेम तीन मिलीमीटर. पण इथेही सगळे नियमात बसत नाहीत हं, कुणाला मानेजवळ एखादी जास्तीची बरगडी असते, कुणाचा कमरेचा पाचवा मणका त्रिकास्थीला चिकटलेला असतो. मग रिपोर्टवर एल-फाइव्हचं सॅक्रलायझेशन असं लिहून येतं आणि घरात रडारड. बहुतेक वेळा ती जन्मजात ठेवण असते, कंबर त्याच्यामुळेच दुखतेय असं नाही.

आता आत शिरू. मटणातली नळी आपण ठोकून ठोकून साफ करतो, बाहेर कडक भिंत, आत पोकळी, तिच्यात मगज, म्हणजे बोन मॅरो. टोकाला मात्र जाळीदार हाड असतं, म्हणून ते फीमर हलकं लागलं तुम्हाला. लहान मुलांच्या सगळ्या हाडांत रक्त तयार होतं, मोठेपणी ते काम उरतं छातीचं हाड, बरगड्या, मणके, कमरेचं हाड यांच्याकडे, म्हणूनच बोन मॅरोच्या टेस्टला सुई मागून कमरेत घालतात. कडकपणा येतो कॅल्शियम-फॉस्फेटच्या खनिजातून, चिवटपणा कोलॅजन नावाच्या प्रथिनातून. घरी करून बघा, कोंबडीची तंगडी साफ करून तिचं हाड व्हिनेगरमध्ये बुडवून काही दिवस ठेवा, व्हिनेगर मधून मधून बदला. खनिज विरघळतं आणि हाड रबरासारखं वाकतं, मोडत नाही. उलट चुलीत जाळलेलं हाड आकार धरून राहतं, पण बोटाने दाबलं की भुगा.

आणि ही भिंत एकदा बांधून संपत नाही. हाड खाणाऱ्या पेशी वेगळ्या, भरणाऱ्या वेगळ्या, आपल्याकडे रस्ता खोदणारं खातं एक आणि बुजवणारं दुसरं असतं तसंच, फक्त इथे तरुणपणी बुजवणारे वेळेवर येतात. दरवर्षी सांगाड्याचा साधारण दहावा भाग असा बदलला जातो. तिशीपर्यंत शिल्लक वाढते, नंतर हळूहळू घट, आणि बायकांची पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं, खाणाऱ्यांना आवरणारं कुणी उरत नाही. मग पाय घसरला, हात टेकला आणि मनगट काडकन गेलं, हे पन्नाशी-साठीत सुरू होतं, खुब्याचं फ्रॅक्चर त्याच्यानंतरचं.

कुठे भरायचं हे ठरतं भार कुठे पडतो त्यावर. युलियस वुल्फ नावाच्या जर्मन सर्जनने १८९२ मध्ये हे मांडलं. टेनिस खेळणाऱ्याच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, आणि अंतराळवीरांना भारच नसतो तर त्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का घटतं. म्हणून मी म्हणतो, नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन सोफ्यावर बसलात तर हाडाला कळणार कसं की तुम्हाला त्याची गरज आहे?

हां, ताई, विचारा. मोडलेलं हाड जुळल्यावर आधीपेक्षा मजबूत होतं का? नाही. मधल्या काळात तिथे गाठ धरते, कॅलस, ती जाड असते म्हणून तसं वाटतं, पुढे महिनोन् महिने ती तासली जाते आणि हाड जवळपास पूर्वीसारखं होतं. लहान मुलात थोडं वाकडं जुळलेलंही सरळ होत जातं, मोठ्यांत ते नशीब नसतं. आणि एक सांगून ठेवतो, विशेषतः कोपराला मार लागला तर तेल लावून चोळून घेऊ नका कुणाकडून. चोळल्याने सुजलेल्या स्नायूतच हाड धरू शकतं आणि मग कोपर वाकेनासं होतं. आधी एक्स-रे काढा.