दुखतंय तोवर फार भिऊ नका

मंडळी, विंचू चावलेला माणूस आला की मी आधी त्याचा पाय बघत नाही. कपाळ बघतो. घाम फुटलाय का? मग हात हातात घेतो. गार पडलाय का? ‘मेलो, मेलो’ म्हणून तो बोंबलत असेल तर मला निम्मा धीर येतो. मला भीती वाटते ती घामेजून गप्प बसलेल्याची.

हे उलटं वाटेल तुम्हाला. पण नुसती ठणक म्हणजे विष बहुधा जागच्या जागी आहे. दरदरून घाम, उलट्या, थंडगार हातपाय, पुरुषांत लिंगाला आलेली ताठरता (लाजू नका, डॉक्टरला सांगा) ही विष अंगात भिनल्याची खूण. अशा रोग्याला चावल्या जागी बऱ्याचदा फारसं दुखतच नाही. तो सावरायला लागला की ठणका सुरू होतो. तेव्हा नातेवाईक घाबरतात आणि मी चहा मागवतो. आपल्या पैठणच्या नाथांनी विंचवाच्या भारुडात घाम आल्याचं सांगितलंय. ते बोलत होते कामक्रोधाबद्दल, पण लक्षण नेमकं पकडलं!

आता विंचू कोणता? काळी इंगळी दिसायला भयंकर, चिमटे जाडजूड. तिच्या चाव्यानं ठणकतं खूप, जीव सहसा जात नाही. घात करतो तो तांबूस विंचू. चिमटे बारीक, शेपूट जाड. माळवदाच्या भिंतीत, पऱ्हाट्यांच्या ढिगात, गोवऱ्यांखाली, ऊसतोडीच्या कोपीत अंथरुणाच्या घडीत हाच सापडतो. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ म्हणतो ना आपण, ते खरंच आहे. मादी पिलांना पाठीवर घेऊन फिरते. अशी दिसली तर कौतुक लांबूनच करा.

मांत्रिकाकडं माणूस बरा होतो की, असं तुम्ही म्हणाल. होतो. बहुतेक चाव्यांची ठणक काही तासांत आपोआप उतरते. अंगारा लावला काय आणि नाही लावला काय. श्रेय मात्र उतारा देणाऱ्याला जातं. मी त्याला लबाड म्हणत नाही, त्याचाही त्यावर विश्वास असतो. पण ज्या एखाद्या पोराच्या अंगात विष भिनलंय, त्याचे मोलाचे दोन तास तिथं लिंबू कापण्यात जातात.

त्या दोन तासांत आत काय चालतं? नसांमधून संदेश जातो तो सोडियमच्या बारीक दारांतून. दार उघडतं, लगेच मिटतं. विंचवाचं विष ते मिटूच देत नाही. नसा पेटल्यासारख्या होतात, अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं. एवढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी साठतं. मग दम लागतो, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. लेकरांत हे फार झपाट्यानं होतं.

यावरचा उपाय आपल्याच मातीतल्या माणसानं रुजवला. भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. नोकरीला गेले कोकणात, महाडकडं. तिथं विंचवानं माणसं मरताना बघितली आणि चाव्यामागून चावे तपासत राहिले. प्राझोसिन ही बीपीची गोळी. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. विषानं हृदयावर घाला घातलेल्यांपैकी पूर्वी शंभरात पंचवीस-तीस दगावत. ही गोळी आल्यावर ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पुढं प्रतिविषही आलं. घोड्याला थोडं थोडं विष टोचून ते तयार करतात. बावस्करांनी ७० रुग्णांवर तपासून २०११ साली मांडलं की, नुसत्या प्राझोसिननं सावरायला सरासरी १७.७ तास लागले, सोबत प्रतिविष दिलं तर ८ तास. सापाचं प्रतिविष मात्र इथं चालत नाही.

गोळी घरच्या डब्यातली काढून देऊ नका, बीपी एकदम उतरून माणूस कोसळतो. ती घेतलेल्याला उभं करू नका, आडवंच ठेवा. चावल्या जागी ब्लेड मारू नका, दोरी आवळू नका. बर्फ चालेल. लेकरू असेल तर घाम यायची वाट बघू नका, सरळ गाडी काढा. आणि दवाखान्यातून ‘बरं वाटतंय’ म्हणून तासाभरात पळून येऊ नका, चोवीस तास नजरेखाली राहू द्या.

तिकडं मागं बसलेल्या आजी मघापासून विचारतायत, रात्री अंधारात दिसायचा कसा? आजी, नोटा तपासायची ती जांभळी बॅटरी असते ना, तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. मेलेलासुद्धा. मी बरणीत एक आणलाय. पोरांनो, ती ट्यूबलाइट बंद करा जरा.