फुंक तुटली की सूर गेला

लग्नाच्या वरातीतला बँड आठवा. त्यातला क्लॅरिनेटवाला असतो ना, कोट दुसऱ्याच कोणाच्या मापाचा पण बोटं एकदम साफ. तर त्याचं ते काळं क्लॅरिनेट आणि गारुड्याची पुंगी, दोघांची भावकी एकच आहे भाऊ. दोन्हीत नळीला एकच पत्ती असते, ती थरथरली की आवाज. सनईचं वेगळं, तिथे दोन पत्त्या एकमेकींवर आपटतात म्हणून तो आवाज असा नाकातून आल्यासारखा येतो.

आम्ही आलोय नागपूरच्या सिव्हिल लाइन्सला, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात. हिवाळ्यात इथे क्राफ्ट मेळा भरतो, लोक बहुतेक खाण्याच्या स्टॉलकडेच पळतात, पण जरा थांबा. हा बघा तारपा, पालघरकडच्या वारल्यांचा. वरती वाळलेला दुधीभोपळा, त्यात फुंकायचं, खाली बांबूच्या दोन नळ्या, शेवटी ताडाच्या पानांचा कर्णा, आणि सांधे मेणाने बुजवलेले. वाजवणाऱ्याचे गाल बघा, जवळून. फुगलेतच. गालात हवा साठवायची, ती हळूहळू सोडत राहायची आणि त्याच वेळी नाकाने श्वास घ्यायचा. म्हणून सूर तुटतच नाही. पुंगीवालाही हेच करतो, मुरलेला सनईवालाही. ऐकायला सोपं वाटतं, घरी करून बघा, जेवल्यावर नको फक्त. आणि नाचणारे त्याच्याभोवती गोल फिरतात, त्याच्याकडे पाठ करत नाहीत.

सनई ऐकली की आपल्याला मांडवच आठवतो, पण बिस्मिल्ला खाँसाहेबांना २००१ मध्ये भारतरत्न मिळालं ते याच वाद्यासाठी.

आता सगळ्यात भन्नाट. बस्तरची सुलूर, म्हणजे गडचिरोली ओलांडली की पलीकडे. बांबूची बासरीच, वर गरम लोखंडाने डागून नक्षी काढलेली, पण हिच्यात तोंडाने फुंकायचं नाही, हातात धरून हवेत गरागरा फिरवायची, वारा आपोआप आत घुसतो आणि वाजते. नारायणपूरचे पंडीराम मंडावी ती बनवतात, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मला वाटलं, दम नसणाऱ्यांसाठीच आहे ही, म्हणून घेतली आणि फिरवली. वाजली, खरंच वाजली! पण दुसऱ्याच फेऱ्यात कॅमेरामनच्या चष्म्याला लागली. म्हणून पुढचा शॉट थोडा हललाय.