नाव दरोड्यात आलं तर

कापूस निघाला, सोयाबीन बाजारात गेलं की वऱ्हाडातल्या घराघरात थोडी रोकड येते, आणि त्याच दिवसांत पेपरात एक ठरलेली बातमी पण येते, दरोड्याच्या तयारीतली टोळी जेरबंद. फोटोत चार-पाच पोरं, तोंडावर काळा बुरखा, मागं अधिकारी, पुढं टेबलावर मुद्देमाल मांडलेला, चाकू, दोरी, टॉर्च, एखादी मोटरसायकल अन् मिरची पूड. मिरची पूड असतेच असते. आता विदर्भात ज्या घरी दोरी, इळा अन् तिखटाचा डबा नाही असं एक घर दाखवा बावा.

हा व्हिडिओ आरोपीच्या बचावाबद्दल आहे. ज्याच्या घरात रात्री माणसं घुसली, म्हातारीच्या गळ्यातली पोत ओढली, त्याचं दुःख आम्हाला कळत नाही असं नाही, पण भलताच माणूस आत गेला तर म्हातारीची पोत काही परत येत नाही आणि खरा गडी पुढच्या गावात फिरत राहतो.

आधी कलमं, पटकन. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली. नुसती चोरी म्हणजे ३०३. चोरी करताना मारलं, धमकावलं, अडवून धरलं की जबरी चोरी, ३०९, शिक्षा १० वर्षांपर्यंत, आणि तेच हायवेवर सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत झालं तर १४ पर्यंत. पाच किंवा जास्त माणसं असली की दरोडा, ३१०, इथं जन्मठेपही होऊ शकते. काहीच लुटलं नाही, नुसती तयारी होती म्हटलं तरी १० वर्षांपर्यंत.

म्हणून हा जो पाचवा माणूस असतो ना, त्याच्याकडं चांगला वकील आधी बघतो. एफआयआरमध्ये फिर्यादी म्हणतो चार अनोळखी इसम, आठवडाभरानं पुरवणी जबाब होतो अन् त्यात पाच होतात, एक म्हणे बाहेर गाडीवर थांबला होता, झालं, जबरी चोरीचा दरोडा झाला. वकील दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतो. शस्त्राचं पण तसंच, जीवघेणं शस्त्र वापरलं तर किमान ७ वर्षं, पण ती वाढीव शिक्षा ज्यानं शस्त्र वापरलं त्यालाच, सोबतच्या सगळ्यांना सरसकट नाही, हे जुन्या ३९७ कलमाबद्दल सुप्रीम कोर्टानं १९७५ मध्येच सांगितलेलं आहे.

पण खरी केस उभी राहते दोन गोष्टींवर, ओळख आणि जप्ती.

ओळख परेड जेलमध्ये होते, घेतात तहसीलदार किंवा नायब तहसीलदार, पोलिसांनी तिथं हजर राहायचं नाही. आरोपीसोबत त्याच्यासारखीच दिसणारी माणसं उभी करायची, एका आरोपीमागं निदान सहा, उंची, रंग, वय, दाढी मिळतीजुळती पाहिजे. आरोपीला आपली जागा निवडता येते, एक साक्षीदार बाहेर गेला की दुसरा यायच्या आधी जागा अन् कपडे बदलता येतात, पण हे त्या पोराला कोणी सांगतच नाही, तो बिचारा जिथं उभं केलं तिथं उभा. आणि समजा बाकी सहा जण गोरे-गोमटे शहरी अन् हा एकटा उन्हानं रापलेला, पायात टायरची चप्पल, तर फिर्यादीनं कोणाकडं बोट करावं?

त्यातही मोठा घोळ मोबाईलनं केला. परेडच्या आधीच पोराचा फोटो गावाच्या ग्रुपवर फिरलेला असतो, फिर्यादीचा मुलगाही त्याच ग्रुपमध्ये, मग फिर्यादी जेलात जाऊन ओळखतो कोणाला, रात्री आलेल्या माणसाला की सकाळी फोनवर बघितलेल्या फोटोला? म्हणून मॅजिस्ट्रेटसमोर पहिल्यांदा उभं केलं त्याच दिवशी सांगायचं की साहेब, माझा चेहरा दाखवला, फोटो फिरला, आणि ते रेकॉर्डवर घ्या म्हणायचं. तो मेसेज कोणत्या तारखेचा, किती वाजताचा, ते घरच्यांनी जपून ठेवायचं. दोन वर्षांनी उलटतपासणीत हे पहिल्यांदा काढलं तर सरकारी वकील म्हणणारच, आजपर्यंत काहून गप्प होते?

आता जप्ती. पंचनाम्यातलं एक वाक्य तुम्ही कुठल्याही ठाण्याच्या कागदात वाचा, सारखंच, 'मी माल लपवून ठेवलेली जागा दाखवतो, माझ्यासोबत चला'. आरोपी पारधी असो, गोंड असो, बंजारा असो, सगळे ठाण्यात गेल्यावर एकदम शुद्ध पुस्तकी मराठी बोलतात! पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही, त्या सांगण्यावरून नवीन काही सापडलं तर तेवढाच तुकडा चालतो, जुन्या कायद्यात कलम २७ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं २३. म्हणून सगळा जोर त्या सापडण्यावर. मग वकील विचारत जातो, कुठं सापडलं, घरात की धुऱ्यावरच्या पळसाखाली जिथं सारा गाव येतो-जातो? पंच कोण, ठाण्यासमोरचा चहावाला? त्यानं याआधी किती पंचनाम्यांवर सही केली? सील कधी लावलं? आणि सोन्याचं तर विचारूच नका, पोत चोरीला गेलेली असते अन् सोनाराकडून जप्त होते वितळवलेली लगड, आता लगडीवर कोणाचं नाव लिहिलेलं असतं? फिर्यादीकडं खरेदीचं बिल आहे का, वजन जुळतं का, इथं केस हलते.

नवीन कायद्यानं एक काम चांगलं केलं. सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ म्हणते की झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं, मोबाईलवर केलं तरी चालते, आणि ते उशीर न करता मॅजिस्ट्रेटकडं पाठवायचं. म्हणजे माझ्यासोबत चला हे तो खरंच बोलला का ते आता बघता येते. रेकॉर्डिंग मागा, नसेल तर काहून नाही ते विचारा.

आता कोणाला पकडतात यावर पण बोलावं लागेल. अमरावती, यवतमाळ, अकोला, वाशिम या पट्ट्यात पारध्यांचे बेडे, म्हणजे वस्त्या, आहेत. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, पुढं त्या यादीत पारधीही आले, १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण आसपास दरोडा पडला की पहिली गाडी बेड्यावरच येते. आणि चूक किती दूर जाऊ शकते ते बघा. नाशिक जिल्ह्यात २००३ मध्ये दरोडा आणि खून झाले, भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना फाशी सुनावली, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाही जणांची फाशी ठरवली, आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण प्रत्यक्षदर्शीनं पोलिसांच्या अल्बममधून आधी भलतेच चार जण ओळखले होते, अन् त्या चौघांचा तपासच केला नाही. राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला लावले. पंधरा-सोळा वर्षांचे ५ लाख! ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं पोलिसांना बजावलं की विमुक्त जमातींच्या, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या, लोकांना मनमानी अटक होऊ देऊ नका. आदेश दिल्लीत निघाला, ठाण्यापर्यंत पोचवायला वकीलच लागतो.

वकील कधी गाठायचा? आपल्याकडं लोक आठ दिवस पुढाऱ्यामागं फिरतात, मग जमानतीच्या वेळी वकील. तोवर पेट्रोल पंपाच्या सीसीटीव्हीवर नवीन रेकॉर्डिंग चढलेलं असतं. पोरगं त्या रात्री जिनिंगवर ड्युटीला होतं तर हजेरी रजिस्टरचा फोटो आजच काढा, मोबाईलचं लोकेशन जपून ठेवायचा अर्ज आजच द्या. घरचे सांगतात, "सोमवारी रात्री नेलं सायेब, चौकशी हाय म्हने, अन् बुधवारी अटक दाखवली." मग सोमवारी रात्रीच एसपींना मेल नाहीतर व्हॉट्सॲप टाका, वेळ नोंदली जाते. अटक केल्यापासून २४ तासांत कोर्टापुढं न्यावं लागते, आणि अटकेची कारणं सांगितली नसतील तर अटकच बेकायदेशीर, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं परत ठासून सांगितलं.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जो कोठडीत आहे त्याला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही, तालुक्याला विधी सेवा समिती, जिल्ह्याला लोकअभिरक्षक कार्यालय, नाहीतर १५१०० वर फोन. लोक घाबरतात, "सरकारी वकील तं सरकारचाच असते ना?" नाही हो, सरकारी वकील वेगळा, तो पोलिसांच्या बाजूनं केस चालवतो, हा मोफत मिळालेला वकील तुमचा.

आणि कोणी म्हटलं ना, कबूल करून टाक, दोन-चार महिन्यात सुटशील, तर ऐकू नका. एकदा शिक्षा लागली की पुढच्या प्रत्येक केसमध्ये ती कपाळाला चिकटते. पहिल्यांदाच अडकलेल्या कच्च्या कैद्यानं जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला जामिनाची सवलत आहे, ती पण गेली. दरोड्याला ही सवलत तशीही नाही, जन्मठेपेचं कलम आहे ते, तिथं ९० दिवस मोजायचे. तेवढ्यात चार्जशीट आली नाही तर जामीन हक्कानं मिळतो, पण अर्ज चार्जशीट यायच्या आधी द्यावा लागतो, एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळीच.

जामीन मिळाला तरी जामीनदार कुठून आणायचा, बेड्यावर सातबारा कोणाच्या नावानं असते? आणि एका गुन्ह्यात पकडलेल्यावर जुने चार गुन्हे उघडकीस आले म्हणून दाखवतात, प्रत्येकात वेगळा जामीनदार मागतात. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात असाच माणूस गेला होता, १३ केसेस, सगळ्यात जामीन, जामीनदार मात्र मिळेना, कोर्टानं तेच ते जामीनदार चालवून घ्यायला लावले. म्हणून पहिल्याच भेटीत वकिलाला सांगा, कोणकोणत्या ठाण्यात याचं नाव दाखवलं ते सगळे गुन्हा नंबर काढा, नाहीतर एका केसमधला सुटकेचा कागद जेलात जाते अन् दुसऱ्या ठाण्याचं वॉरंट त्याच्या आधीच तिथं पोचलेलं असते.