लाल दिसतं ते फूल नव्हे

[दृश्य: युटा, अमेरिका. एप्रिलची सकाळ. तांबूस वालुकाश्माचा विस्तीर्ण उतार.]

लांबून पाहिलं तर या खडकावर कुणीतरी कुंकवाची बोटं पुसलीत असं वाटतं. सगळीकडे दगड नि वाळू, मधेमधे करड्या सेजब्रशची झुडपं. सेजब्रश म्हणजे आपल्या दवण्याचा नातलग. पान चुरगाळलं की खूण पटते. आणि त्याच्याच पायाशी हे लालभडक झुबके.

इंग्रजीत याला पेंटब्रश म्हणतात. रंगात बुडवून उभा ठेवलेला कुंचला! शास्त्रीय नाव कॅस्टिलेया, स्पेनमधल्या कादिझचे वनस्पतिशास्त्रज्ञ दोमिंगो कास्तियेहो यांच्यावरून पडलेलं. जाती दोनशेच्या आसपास, बहुतेक पश्चिम अमेरिकेतल्या. त्यामुळे एखाद्या झुबक्याकडे बोट दाखवून 'हाच तो' म्हणणं तसं धाडसाचंच.

[दृश्य: झुबक्याचा क्लोजअप. बोट एक लाल पाकळी बाजूला करतं.]

पहिली फसगत इथेच होते. ही लाल पाकळी पाकळी नाहीच. ते छद आहे, फुलाच्या बुडाशी येणारं रंगीत पान. आपल्या बोगनवेलीत असतं तसंच. खरं फूल आत दडलेलं असतं: हिरवट, अरुंद, चोचीसारखी नळी. आता तुम्हाला ती दिसली असेल. हमिंगबर्डला ती आधीच ठाऊक असते. लाल रंग बघून तो येतो खरा, पण चोच घालतो ती या नळीत, तळाच्या मधासाठी.

म्हणून ओळखायला बसलात की रंग बाजूला ठेवा. एकाच जातीत शेंदरी, केशरी, क्वचित पिवळासुद्धा निघतो. पानं बघा.

समोरचा हा वाळूतला, सेजब्रशजवळचा. एका बुडख्यातून पाच-सात काड्या निघाल्यात, उंची वीत-दीड वीत. खालची पानं सरळ, रेघेसारखी. वर जावं तशी ती फाटत जातात नि कोंबडीच्या पायासारखी दिसायला लागतात. अंगावर राठ केस. हा डेझर्ट पेंटब्रश, कॅस्टिलेया क्रोमोसा. काही अभ्यासक त्याला स्वतंत्र जात मानत नाहीत, अँगुस्टिफोलिया नावाच्या दुसऱ्या जातीतच धरतात. तो वाद त्यांच्यावर सोपवू.

[दृश्य: युटातलं झायन राष्ट्रीय उद्यान. उघड्या खडकातली भेग.]

हा मात्र मातीला विचारतही नाही. झायनच्या नवाहो वालुकाश्मात बोटभर भेग मिळाली की तिथे बसतो. ठेंगणा, काड्या आधी आडव्या पसरून मग वर वळलेल्या, पानं बोटाला खरखरीत लागणारी. नावातच ते आलंय: स्कॅब्रिडा, म्हणजे खरखरीत. जागा आणि ठेवण, दोन्ही जुळली तर ओळख बऱ्यापैकी पक्की.

तिसरा सहसा उन्हाळ्यात भेटतो, पहिले दोघे वाळून गेल्यावर. उंच, कधी कमरेला लागेल इतका, पानं अरुंद नि बहुतेक अखंड. याची खूण कोशात आहे. फुलाभोवतीचा लाल कोश पुढच्या बाजूला खोल चिरलेला असतो आणि हिरवी नळी त्या चिरेतून बाहेर वाकते. क्रोमोसात पुढची-मागची चीर साधारण सारखीच. हा लिनारीफोलिया, 1917 पासून वायोमिंगचं राज्यपुष्प.

[दृश्य: मुळांचं रेखाचित्र.]

आता जमिनीखालची गोष्ट. पेंटब्रश हिरवा आहे, स्वतःचं अन्न बनवतो. तरी त्याची मुळं शेजारच्या सेजब्रशच्या नाहीतर गवताच्या मुळांना जाऊन चिकटतात आणि पाणी, क्षार ओढून घेतात. अर्धा कमावता, अर्धा परोपजीवी! ज्वारीच्या शेतातला टारफुला याच कुळातला, हे ऐकून आपल्याकडचा शेतकरी कपाळावर हात मारेल. इथे मात्र झुडपं बहुधा टिकून राहतात. उपटून घरच्या कुंडीत लावलेला पेंटब्रश सहसा तगत नाही, तो याच कारणाने. तोडायला तर राष्ट्रीय उद्यानात बंदीच आहे.

फोटोसाठी जवळ जातानाही पाय खडकावर किंवा पायवाटेवरच ठेवा. ही काळपट, खडबडीत माती म्हणजे शेवाळं, दगडफूल आणि सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्मजीवांनी विणलेली साय आहे. एक बूट पडला की मोडते, आणि सांधायला वर्षानुवर्षं लागतात.

[दृश्य: दोन प्रकारांच्या मधलं एक रोप. कॅमेरा थांबतो.]

आणि हे? पानं क्रोमोसासारखी, काड्या मात्र पसरलेल्या. या जाती आपसांत संकर करतात, म्हणून असं मधलं रोप दिसलं तर नवल नाही. आमच्या वहीत याच्यापुढे एवढंच लिहिलंय: कॅस्टिलेया, खडक, एप्रिल.