बांधीतल्या तीन लोंब्या

(नागभीड तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, मघाशी चहाच्या वेळी एका भावाने मला बाजूला घेतलं. धानावरच्या खोडकिडीसाठी त्याने घरीच एक काढा केला आहे. म्हणाला, "गुरुजी, तीन पत्रं पाठवली, साधं उत्तर नाही. आमचं डोकं या शास्त्रज्ञांना डोकं वाटतच नाही काय?" मी आज दुसरंच बोलायला आलो होतो. ते राहू द्या.

याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण जेमतेम, जमीन दीड एकर. 1983 साली 'पटेल 3' धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. आपण त्या कापून पेंढीत बांधल्या असत्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, त्यातलं चांगलं निवडलं, पुन्हा लावलं. बारीक दाण्याचं, खायला चवदार असं वाण हाती यायला काही वर्षं गेली. तेव्हा एचएमटी घड्याळाची चलती होती, म्हणून व्यापाऱ्याने धानाला तेच नाव दिलं. 1998 साली पंजाबराव कृषी विद्यापीठाचं (पीकेव्ही) 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण आलं. विद्यापीठ म्हणे, शुद्धीकरण आम्ही केलं. दादाजी म्हणत, बियाणं माझंच होतं. शुद्धीकरण हे खरंच काम आहे, ते मी कमी लेखत नाही. पण त्या तीन लोंब्या ज्याच्या डोळ्यांनी टिपल्या त्याचं नाव कुठे? राष्ट्रीय पातळीवरचा सन्मान व्हायला 2005 उजाडलं. 2018 साली दादाजी गेले. या माणसाला श्रेयासाठी भांडावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

पण इथेच थांबून "बघा, शास्त्रज्ञ असेच" म्हणाल, तर मी तुमच्या बाजूने नाही.

बोअर मारण्याआधी आपण पाणी पाहणाऱ्याला बोलावतो. तळहातावर नारळ, नाहीतर कडुलिंबाची दुबेळकी फांदी. नारळ उभा राहिला की तिथे मशीन लावायची. आणि बरेचदा पाणी लागतंही, मी स्वतः पाहिलं आहे. पण यवतमाळ-वर्ध्याकडच्या काळ्या पाषाणात वरचा झिजलेला थर आणि खालच्या भेगा यांत थोडंफार पाणी पुष्कळ ठिकाणी असतंच. नारळाने न दाखवलेल्या जागी कोणी बोअर मारून पाहतो का? जर्मनीत म्युनिकजवळ 1987-88 साली हे करून पाहिलं. कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप जागा बदलत ठेवायचा, वरच्या मजल्यावरून माणसाने तो ओळखायचा. निवडक 43 जण, 843 चाचण्या. करणाऱ्यांना त्यात काहींची कला खरी वाटली. पण पुढे त्याच आकड्यांची छाननी झाली तेव्हा अंदाजपंच्यापेक्षा फारसं काही उरलं नाही. ही हेटाळणी नव्हे. त्या लोकांना बोलावून, मान देऊन तपासलं होतं.

कधी दारातूनच परत पाठवावं लागतं, हेही खरं. इंधनाशिवाय कायम फिरणाऱ्या यंत्रांचे दावे पॅरिसच्या विज्ञान अकादमीने 1775 पासून तपासायचंच सोडलं. तो निर्णय मला योग्य वाटतो. पण खोडकिडीवरचा काढा त्या जातीचा नाही. झाडपाल्यात कीड मारणारं काही असू शकतं, निंबोळी अर्क आपण फवारतोच. म्हणून तो न पाहता नाकारणं मला अन्याय वाटतो.

आता गडचिरोलीकडे बघा. गावातल्याच बाईला शिकवून तिने घरी जाऊन नवजात बाळाला तपासायचं, गरज पडल्यास जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायचं, ही डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची कल्पना. कोणत्याही डॉक्टरला धास्ती वाटावी अशीच ती होती, आणि ती धास्ती मला चुकीची वाटत नाही; लेकराच्या जिवाचा प्रश्न होता. त्यांनी 39 गावांत काम केलं आणि शेजारची 47 गावं तुलनेला ठेवली. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. पुढे आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या. त्या 39 गावांइतकंच मोल मला उरलेल्या 47 गावांचं वाटतं.

तर भाऊ, यंदाच्या रोवणीला एक करा. एकाच बांधीचे आठ तुकडे पाडा, वाण एक, पऱ्हे म्हणजे रोपं एकाच दिवशी रोवलेली, खत सारखं. चिठ्ठ्या टाकून चार तुकडे निवडा. त्यांत काढा फवारा, उरलेल्या चारांत नुसतं पाणी. दर आठवड्याला सुकलेले पोंगे मोजायचे, निसवल्यावर पांढऱ्या पोचट लोंब्या मोजायच्या. मोजणारा दुसरा हवा. कुठे काय फवारलं ते त्याला सांगू नका. आकडा वाईट आला तरी वहीत लिहा, खोडू नका.

मोजायला मी येतो. कापणीनंतर ती वही घेऊन आपण दोघं संशोधन केंद्रात जाऊ, आणि कोणी पान उघडून पाहीपर्यंत मी तिथून उठणार नाही.